गरिबांचे कैवारी : धन्य फ्रेडरिक ओझानाम

धर्मग्रामाच्या या ज्युबिलीप्रसंगी, आपल्यातील गरजूंच्या साहाय्यास धावणाऱ्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मूळ पुरुषाचे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. बालपण फ्रान्समधील लिऑन येथे गेले. पिता डॉक्टर होते; पुत्राने वकील व्हावे अशी त्यांची इच्छा. तदनुसार १८३१ साली ओझानाम कायद्याच्या अध्ययनासाठी पॅरिसला आले. त्या काळी तेथील विद्यापीठात ख्रिस्ती श्रद्धेची उघड अवहेलना होत असे. विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात ओझानाम धर्माची बाजू समर्थपणे मांडीत. तेव्हा एका प्रतिपक्ष्याने विचारले की, ख्रिस्तसभेने पूर्वी थोर कार्ये केली खरी, परंतु आज तुम्ही स्वतः गरिबांसाठी काय करता?

हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. वादाचे उत्तर वादाने नव्हे, कृतीने द्यावयाचे असे ठरले. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, ते व त्यांचे विद्यार्थिमित्र एमान्युएल बैली या वडीलधाऱ्या संपादकांच्या कचेरीत जमले. त्यांत बहुतेक कायद्याचेच विद्यार्थी होते. धर्मभगिनी रोझाली रांद्यू यांनी त्यांस गरीब कुटुंबे दाखवून दिली. दान पाठवून मोकळे न होता प्रत्येकाने स्वतः त्या घरी जावे, कुटुंबाची विचारपूस करावी, हा या मंडळीचा नियम झाला.

१८३६ साली ओझानाम कायद्याचे डॉक्टर झाले. पुढे लिऑन येथे व्यापारी कायदा शिकविताना त्यांनी कामगारास न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, हे प्रतिपादिले. पोप तेरावे लिओ यांचे कामगारविषयक परिपत्र १८९१ साली निघाले, त्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट! दया हवीच, पण न्यायाचे काम दयेवर ढकलू नये, हे त्या कायदेपंडिताने ओळखले होते. नंतर सोर्बोन विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक होऊन कीर्ती लाभली, तरी गरिबांच्या घरचा जिना त्यांनी सोडला नाही.

८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय येथे अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते देवाघरी गेले. पत्नी आमेली व कन्या मारी मागे राहिल्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्यांस धन्य घोषित केले.

त्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आम्हांसही सुटलेला नाही. आपल्या शेजारच्या दारावर आपली थाप पडेल, तेव्हाच ही ज्युबिली सार्थ होईल. धन्य ओझानाम आम्हांसाठी विनंती करोत!