यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजा यशवंतराव होळकर दुसरे (६ सप्टेंबर १९०८ – ५ डिसेंबर १९६१) हे इंदूर संस्थानाचे शेवटचे सत्ताधारी महाराज होते. इंदूर येथील माणिकबाग राजवाड्याची आधुनिक शैलीतील अंतर्गत सजावट आणि विसाव्या शतकातील युरोपीय कलावंतांना त्यांनी दिलेला आश्रय यांसाठी ते विशेष ओळखले जातात. याच घराण्यातील पहिले यशवंतराव (१७७६–१८११) हे मराठा सेनानी व राज्यकर्ते होते, ते वेगळे.

प्रारंभिक जीवन

यशवंतरावांचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांचे वडील तुकोजीराव होळकर तिसरे यांचे नाव १९२५ मध्ये मुंबईतील मलबार हिलवर घडलेल्या बावला खून प्रकरणाशी जोडले गेले. या प्रकरणाच्या चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादीचा त्याग केला आणि सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. ते अल्पवयीन असल्याने संस्थानाचा कारभार काही वर्षे इतरांकडे होता. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले.

त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये चार्टरहाउस येथे आणि पुढे ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. १९२४ मध्ये त्यांचा विवाह कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाई यांच्याशी झाला होता. विवाहसमयी त्या लहान होत्या. त्यांचेही शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. ऑक्सफर्डच्या काळात यशवंतरावांची जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेझियस यांच्याशी मैत्री झाली. फ्रेंच लेखक व कलासंग्राहक आंरी-पिएर रोशे यांनी त्यांना पॅरिसमधील कलावंतांच्या वर्तुळाशी परिचित करून दिले.

माणिकबाग राजवाडा

माणिकबागेचे काम मुथेझियस यांच्याकडे सोपवण्यात आले, तेव्हा ते विशीच्या मध्यावर होते आणि यशवंतराव त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. १९३० ते १९३३ या काळात राजवाडा उभा राहिला. त्या काळी भारतीय राजवाड्यांत कोरीव नक्षी, झुंबरे, सोनेरी चौकटी आणि मखमली पडदे यांची रेलचेल असे. माणिकबागेत हे सर्व वगळण्यात आले. सपाट भिंती, सरळ रेषा, धातूच्या चौकटी आणि काच यांवर सजावटीचा भर होता. अनेक वस्तू जर्मनीत तयार करवून जहाजाने भारतात आणण्यात आल्या. वातानुकूलनाची सोय असलेल्या भारतातील सुरुवातीच्या निवासस्थानांत या राजवाड्याची गणना होते.

दिवे, खुर्च्या आणि दारांच्या मुठीदेखील वास्तूचाच भाग समजून आखलेल्या होत्या. मुथेझियस यांनी रचलेल्या लाल आरामखुर्च्यांमध्ये वाचनासाठी दिवे बसवलेले होते. फ्रेंच रचनाकार एमिल-जाक रुलमान यांनी महाराजांच्या अभ्यासिकेसाठी मकासर आबनुसी लाकडाचे फर्निचर बनवले. लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी काच आणि धातू वापरून पलंग घडवले. आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्साट’ खुर्ची, ल कॉर्बुझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियाँ यांची पहुडण्याची खुर्ची आणि इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे हेही या संग्रहात होते. खोलीत वस्तू मोजक्याच असत. त्यामुळे प्रत्येक वस्तूचा आकार, पोत आणि रंग स्वतंत्रपणे नजरेत भरे.

व्यक्तिचित्रे आणि पांढऱ्या रंगाची योजना

फ्रेंच चित्रकार बेर्नार बुते द मोंव्हेल यांनी यशवंतरावांची दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे काढली. १९२९ च्या पहिल्या चित्रात महाराज काळ्या पाश्चात्त्य पोशाखात उभे आहेत. १९३३-३४ मधील दुसऱ्या चित्रात ते मराठा वेषात गादीवर बसले आहेत. अंगावरची मलमल पांढरी, गादी पांढरी आणि मागची बाजूही फिकट, अशी या चित्राची योजना आहे.

पांढऱ्याशेजारी पांढरा रंग ठेवला की आकृती सपाट दिसण्याचा धोका असतो. अशा वेळी शुभ्र आणि दुधाळ, म्हणजे सायीच्या रंगाकडे झुकणाऱ्या छटांमधील सूक्ष्म फरक महत्त्वाचा ठरतो. शुभ्र छटा पुढे येते. किंचित पिवळसर छटा मागे राहते आणि सावलीचे काम करते. कोरे कापड आणि धुवून शुभ्र केलेले कापड शेजारी ठेवल्यास हा फरक सहज दिसतो. या चित्रातही वस्त्राच्या चुण्या, गादीचा कोपरा आणि पार्श्वभूमी अशा छटांच्या फरकानेच एकमेकींपासून वेगळ्या होतात. लाल पगडी आणि ‘इंदूर पेअर्स’ या नावाने प्रसिद्ध असलेले होळकरांचे दोन मोठे हिरे यांच्यावर नजर खिळते, ती भोवतालच्या या शांत रंगामुळे. थोड्या वस्तू आणि त्यांच्याभोवती मोकळी जागा हे माणिकबागेचेही तत्त्व होते.

ध्यानमंदिराची योजना

रुमानियात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले शिल्पकार कोन्स्तांतिन ब्रांकुशी यांच्याकडून यशवंतरावांनी ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन आवृत्त्या घेतल्या: एक कांस्याची, एक पांढऱ्या संगमरवराची आणि एक काळ्या संगमरवराची. या शिल्पांसाठी इंदूरमध्ये एक लहान ध्यानमंदिर बांधण्याचा विचार पुढे आला. जमिनीखालून प्रवेश, आत पाण्याचे कुंड, खिडक्या नाहीत आणि प्रकाश केवळ वरून, अशी त्याची कल्पना होती.

जुलै १९३७ मध्ये संयोगिताबाईंचे स्वित्झर्लंडमध्ये अकाली निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांनी, १९३७-३८ च्या हिवाळ्यात, ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आले. परंतु काम सुरूच झाले नाही आणि ते परत गेले. मंदिर कधीही बांधले गेले नाही.

राज्यकारभार आणि उत्तरायुष्य

पत्नीच्या मृत्यूनंतर यशवंतरावांचा बराच काळ परदेशात, विशेषतः अमेरिकेत गेला. त्यांनी पुढे दोन विवाह केले. दोन्ही पत्नी अमेरिकन होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करावी असे आवाहन करणारे खुले पत्र त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना लिहिले. एका संस्थानिकाने असे करणे ब्रिटिश सरकारला रुचणारे नव्हते.

त्यांच्या आश्रयाखाली होळकर क्रिकेट संघाने कर्णल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक चार वेळा जिंकला (१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३). १९४७ मध्ये इंदूर संस्थान भारतात सामील झाले. १९४८ मध्ये मध्य भारत राज्याची स्थापना झाल्यावर ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले आणि हे पद संपुष्टात आले. यशवंतरावांचे ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबई येथे निधन झाले. त्यांच्यामागे होळकर घराण्याच्या प्रमुखपदी त्यांच्या कन्या उषाराजे आल्या.

वारसा

माणिकबाग एकसंध रचना म्हणून आखलेली होती, परंतु तो संग्रह एकत्र राहिला नाही. १९८० मध्ये राजवाड्यातील फर्निचर आणि इतर वस्तूंचा मोनॅको येथे लिलाव झाला आणि त्या जगभरातील संग्रहालये व खासगी संग्राहकांकडे विखुरल्या. ब्रांकुशी यांचे संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत, तर कांस्य पक्षी अमेरिकेतील पासाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. एका खोलीसाठी घेतलेली ही तीन शिल्पे अशा प्रकारे दोन खंडांत विभागली गेली. राजवाड्याची वास्तू शासनाच्या ताब्यात गेली आणि तेथे केंद्रीय उत्पादन शुल्क विभागाचे कार्यालय आले.

२०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयात यशवंतरावांच्या संग्रहावर मोठे प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने माणिकबागेतील अनेक वस्तू काही काळ पुन्हा एका छताखाली आल्या. इंदूरमधील महाराजा यशवंतराव रुग्णालय, जे ‘एम. वाय. हॉस्पिटल’ म्हणून परिचित आहे, त्यांच्याच नावाने ओळखले जाते.