परग्रहांवरच्या पाहुण्यांचा यजमान

इमॅन्युएल स्वीडनबोर्ग १६८८ साली स्टॉकहोमला एका धर्मगुरूच्या घरी जन्मला. हा काही खुळा माणूस नव्हे. स्वीडनच्या खाण खात्यातला तो जबाबदार अधिकारी, खनिजविद्येचा जाणकार. पण १७४४च्या सुमारास त्याला दृष्टान्त होऊ लागले आणि १७४७मध्ये त्याने नोकरी सोडली. मग गुरू, शुक्र, मंगळ, शनी इथल्या रहिवाशांचे आत्मे त्याच्याशी बोलू लागले! १७५८ साली लंडनमध्ये त्याने तसे पुस्तकच छापले. एवढे अफाट विश्व देवाने एकट्या पृथ्वीसाठी कशाला निर्माण करावे, हा त्याचा रोकडा सवाल होता.

गंमत अशी, की आपल्या सूर्यमालेतली त्याची यादी शनीपाशीच थांबली. १७७२मध्ये तो वारला आणि १७८१मध्ये युरेनस सापडला. त्याचा पत्ता एकाही पाहुण्याने दिला नव्हता.

तरीही १७८७मध्ये लंडनला त्याच्या अनुयायांनी नवा पंथ उभारला. पुढे अंध-बधिर हेलन केलर यांना त्याच्याच शिकवणुकीत आधार सापडला. यादीतली चूक दुर्बिणीने दाखवली. पण आधाराची भूक भागवणे हे दुर्बिणीचे काम नव्हे.