केटरिंगची ठिणगी

जुनी फियाट किंवा ॲम्बेसिडर सकाळी सुरू होईना, की मेकॅनिक आधी सीबी पॉइंट काढून पॉलिश पेपरने घासतो. पॉइंट-कॉइलची ही पद्धत रूढ केली चार्ल्स केटरिंग यांनी.

त्यांचा जन्म १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायोत, शेतकऱ्याच्या घरी. डोळे पहिल्यापासून अधू. त्यापायी कॉलेज सुटलं, मग टेलिफोनच्या तारांवर काम केलं. परत गेले तेव्हा मित्र पुस्तकं वाचून दाखवायचे. १९०४ साली एकदाचे इंजिनिअर झाले!

डेटनमध्ये नोकरी करता करता एडवर्ड डीड्स यांच्या कोठारात त्यांनी मोटारीचं काम काढलं. तेव्हाच्या कॉइल ठिणग्यांचा नुसता वर्षाव करत आणि बॅटरी लवकर संपे. केटरिंगनी एकच ठिणगी पाडली, पण वेळेवर आणि जोरदार. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. १९१२ मध्ये त्यांचा सेल्फ स्टार्टरही.

खोड एकच. दर ठिणगीला पॉइंट उघडतात, म्हणून झिजतात, जळतात. फट बदलते आणि ठिणगी मंदावते. घासून चार दिवस निभतं. खरं तर नवे पॉइंट-कंडेन्सर टाकून गेजने फट लावायला हवी.

१९२१ मध्ये त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजलींनी पेट्रोलमध्ये शिसं घालून इंजिनची खटखट थांबवली. १९२४ साली कारखान्यातले कामगार त्या विषाने मेले, तरी केटरिंग शिशाचीच बाजू मांडत राहिले. एवढा हुशार माणूस, पण हे काही पटत नाही.

१९५८ साली ते वारले. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० सालापर्यंत विकलं जात होतं.