महाबळेश्वर निवडणारे सर जॉन माल्कम

फाल्गुन सरून चैत्राचे ऊन सोलापूरच्या काळ्या रानास भेगा पाडू लागले, म्हणजे घरोघर थंड हवेच्या ठिकाणांच्या गोष्टी निघतात. गेल्या साली आमच्या वर्गातही सहलीचा विषय निघाला. एका विद्यार्थ्याने गुलमर्गच्या बर्फावरून घसरण्याच्या खेळाची वाखाणणी केली, दुसऱ्याने महाबळेश्वरचे नाव घेतले. परंतु तेच ठिकाण का, असे आम्ही विचारता, चित्र पाहिले यापलीकडे कोणासही उत्तर देता येईना. डोंगरावरील ठिकाण कसे निवडावे, हे ज्यांच्या चरित्रावरून शिकता येते अशा एका पुरुषाची हकीकत म्हणून आम्ही येथे सांगत आहोत.

जॉन माल्कम यांचा जन्म २ मे १७६९ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील बर्नफूट या ठिकाणी झाला. वडील शेतकरी; पदरी सतरा मुले; त्यात कर्जाचा बोजा. अशा घरातील मुलास लवकरच बाहेर पडणे भाग होते. अवघ्या तेराव्या वर्षी त्यांस ईस्ट इंडिया कंपनीच्या चालकांपुढे उभे करण्यात आले. हैदरअली समोर आला तर काय करशील, असे विचारताच, तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, अशा अर्थाचे उत्तर या पोराने दिले व त्या धिटाईवर त्यांस नोकरी मिळाली, अशी आख्यायिका आहे. १७८३ साली ते मद्रासेस उतरले.

पहिली काही वर्षे फुकट गेली. पोरवयात हाती पैसा आला, वर कोणी वडीलधारे नव्हते. जुगार व कर्ज यांत ते सापडले. पुढे श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत विद्वान अधिकाऱ्यांचा सहवास घडला, तेव्हा त्यांचे डोळे उघडले व त्यांनी फारसी भाषेचा अभ्यास नेटाने आरंभिला. त्या अभ्यासाच्याच बळावर १८०० साली ते वकील म्हणून इराणास गेले, आणि १८१५ साली त्यांचा इराणचा इतिहास प्रसिद्ध झाला. मध्यंतरी, १७९४ साली, प्रकृती ढासळल्यामुळे त्यांस स्वदेशी जावे लागले होते. या देशाच्या उन्हाने माणूस कसा खंगतो, हे त्यांस स्वानुभवाने ठाऊक होते.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते पेशवाईच्या अखेरीस. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला, त्या लढाईत ते होते. मे १८१८ मध्ये आपल्या सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला. पुढच्याच महिन्यात असीरगडाजवळ दुसरे बाजीराव पेशवे माल्कम यांच्या स्वाधीन झाले. त्यांस सालीना आठ लाख रुपयांचे वचन माल्कम यांनी दिले. ही रक्कम गव्हर्नर जनरलांस फार वाटली, तरी दिलेला शब्द पाळला गेला. स्वतः माल्कम यांस मात्र १८१९ साली मोठी निराशा सोसावी लागली. मुंबईच्या गव्हर्नरपदाची त्यांस आशा होती. ते पद एल्फिन्स्टन यांस मिळाले. आठ वर्षे वाट पाहून, नोव्हेंबर १८२७ मध्ये, ते त्या जागी आले.

आता आमचा मुख्य विषय. त्या काळी छावण्यांतील गोरे शिपाई ताप, अतिसार व यकृताच्या विकारांनी सतत मरत. अधिकारी आजारी पडला तर त्यास समुद्रपर्यटनास अथवा स्वदेशी जाता येई. साध्या शिपायास सहसा ती सोय नसे. जवळपासच कोठे थंड हवा मिळेल काय, हा प्रश्न म्हणूनच हौसेचा नसून जिवाचा होता.

सह्याद्रीत शिखरांस तोटा नाही. मग महाबळेश्वरच का? माल्कम यांनी प्रथम माहितगारांचे ऐकले. १८२४ च्या उन्हाळ्यात लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी साताऱ्याहून दाट जंगलातून वाट काढीत त्या पठारावर चढला होता, आणि तेथील हवेची वर्णने पुढे मुंबईच्या वर्तमानपत्रांत आली होती. दुसरी गोष्ट रस्त्याची. ठिकाण कितीही रम्य असले तरी डोलीतील रोगी तेथवर जिवंत पोहोचला पाहिजे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या सूचनेवरून आपल्या राजधानीपासून वर चांगला रस्ता बांधविला होता. तिसरी गोष्ट प्रचीतीची. १८२८ साली माल्कम यांनी आजारी शिपायांसाठी तेथे प्रयोगादाखल एक रुग्णालय काढले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एका डॉक्टरास बरोबर घेऊन ते पुन्हा वर गेले. हवा कशी आहे, घरे कोठे बांधावीत, याची पाहणी या डॉक्टराकडे होती. आधी पाहणी आणि मग बांधकाम, हा त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

थंडाव्याचे कारण विद्यार्थ्यांनी भूगोलात वाचलेच आहे. हजार फूट वर चढले म्हणजे हवा सुमारे २ अंश सेंटिग्रेडने थंड होते. आपले सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फूट, तर महाबळेश्वर सुमारे ४,५०० फूट उंच. एवढ्यानेच ६ अंशांचा फरक पडतो. शिवाय समुद्राकडील वारा आणि झाडी आहेच.

१८२९ साली करार होऊन सातारच्या महाराजांनी ही जागा कंपनी सरकारास दिली व तिच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा गाव घेतले. तेथे वसलेल्या पेठेस माल्कमपेठ हे नाव पडले. गव्हर्नरांच्या बंगल्याच्या टेकडीस माल्कम यांच्या पत्नीच्या नावावरून माउंट शार्लट म्हणू लागले. डिसेंबर १८३० मध्ये माल्कम यांनी अधिकार सोडला, आणि ३० मे १८३३ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

येथे दोन गोष्टी सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. पहिली ही की, निवड उत्तम असूनही तिच्यात एक उणीव होती. महाबळेश्वरास वर्षाकाठी २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास ३० इंचही पडत नाही. पावसाळ्यात बंगल्यांच्या भिंतींस गवताचे तट्टे बांधून लोक खाली उतरत. पावसातही राहता येईल असे ठिकाण हवे होते, म्हणून पुढे जॉन चेसन यांनी कमी पावसाची पाचगणी वसविली. एका ऋतूस योग्य ठिकाण सर्व ऋतूंस योग्य असतेच असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. माल्कम अथवा लॉडविक यांनी महाबळेश्वर शोधून काढले, असे पुस्तकांतून लिहिलेले आढळते. हे खरे नव्हे. कृष्णेच्या उगमाचे ते पुरातन क्षेत्र. जिजामातांची सुवर्णतुला तेथेच झाली. कोळी, धनगर व लोखंड गाळणारे धावड हे त्या रानाचे जुने रहिवासी होत. आणि ज्या महाराजांनी रस्ता बांधविला व डोंगर दिला, त्यांस १८३९ साली त्याच कंपनी सरकारने पदच्युत करून काशीस पाठविले. १८४७ साली ते तेथेच वारले. माल्कम तेव्हा हयात नव्हते. तो दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. तरी पेठेस नाव गव्हर्नरांचे राहिले, आणि ज्यांच्या रस्त्याने सारे वर गेले त्यांचे विस्मरण झाले, हे आम्हास बोचते.

आमच्या वर्गाने यंदा सहलीसाठी महाबळेश्वरच निवडले आहे; मात्र या वेळी ऋतू, रस्ता, अंतर व खर्च यांचा तक्ता मुलांनी स्वतः केला आणि पालकांस दाखविला. वर पोहोचल्यावर प्रथम कृष्णेच्या उगमापाशी जावयाचे, आणि वाटेत प्रतापसिंह महाराजांची हकीकत कोणी तरी एकाने सर्वांस सांगावयाची, असेही त्यांनी ठरविले आहे. ही कल्पना आमची नव्हे, त्यांचीच. म्हणून आम्हास तिचा विशेष आनंद वाटतो.