गणितशिक्षक द. रा. कापरेकर आणि एकांची रांग



जव्हारहून मोखाड्याकडे जाणारा आपला रस्ता पुढे त्र्यंबकेश्वरवरून नाशिकला जातो. एका बाजूला डहाणू, दुसऱ्या बाजूला नाशिकजवळचं देवळाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूत जन्मले, १७ जानेवारी १९०५ ला, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. आपण बरोबर मधे आहोत, तरी आपल्या मुलांना हे नाव माहीत नसतं.

ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ ला बी.एस्सी. त्यापुढे पदवी नाही.

६१७४ ही त्यांची संख्या बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला मात्र त्यांचा एकांचा खेळ जास्त आवडतो. १११ चा वर्ग करा, १२३२१ येतो. ११११ चा १२३४३२१. अशा संख्यांना त्यांनी डेम्लो म्हटलं, जीआयपी रेल्वेवरच्या ज्या स्टेशनवर कल्पना सुचली त्याच्या नावावरून!

आता वर्ग न करता नुसती एकांची रांग बघा. ती मूळ संख्या असते का? ११ मूळ आहे. १११ मूळ वाटते, पण अंकांची बेरीज ३, म्हणून तीनने भाग जातो : ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. रांगेत ४, ६, ९ असे एक असले की तिचे सारखे तुकडे पडतात, म्हणजे ती मूळ नसतेच. मग पाच, सात असे मूळ संख्येइतके एक घेतले तर? तरी खात्री नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. अकरा, तेरा, सतरा एकांनाही भाग जातो. ११ नंतर मूळ सापडते ती थेट एकोणीस एकांची :

११,११,११,११,११,११,११,११,१११

फळ्याची अख्खी ओळ भरते, आणि तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही.

कापरेकरांचं असलं काम मोठ्या गणितज्ञांपैकी अनेकांना पोरखेळ वाटे. ते पगार सांभाळून, शाळा सुटल्यावर लिहीत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. (हे वाचताना आपल्यापैकी किती जणांना कसंतरी होईल, सांगायला नको.) १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते वारले.

पाचवीच्या वर्गात पाच एक लिहून द्या आणि भाग कशाने जातो ते शोधायला सांगा. ४१ आधी सांगू नका.