लेला लोम्बार्डी : अर्ध्या गुणाची मानकरी

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला १९५० मध्ये प्रारंभ झाला. तेव्हापासून शेकडो चालकांनी या स्पर्धेत भाग घेतला. मात्र मुख्य शर्यतीत प्रत्यक्ष गाडी चालविण्याची संधी आजवर केवळ दोन महिलांना मिळाली. त्यांपैकी गुणतक्त्यात स्थान मिळविणाऱ्या एकमेव महिला म्हणजे इटलीच्या लेला लोम्बार्डी. त्यांच्या नावावर नोंद आहे ती अर्ध्या गुणाची. सर्वोच्च दर्जाच्या मोटार शर्यतीत महिला केवळ गुणवत्तेच्या बळावर टिकू शकतात का, या वादात ही नोंद दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून मांडली जाते. म्हणूनच लोम्बार्डी यांची कारकीर्द नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

मालवाहू गाडीपासून शर्यतीपर्यंत

मारिया ग्राझिया लोम्बार्डी यांचा जन्म २६ मार्च १९४१ रोजी इटलीच्या पिएमाँते प्रांतातील फ्रुगारोलो या गावी झाला. 'लेला' हे त्यांचे घरगुती नाव. पुढे जगाने त्यांना याच नावाने ओळखले. वडिलांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. दुकानाचा माल ग्राहकांपर्यंत पोहोचविणारी गाडी लेला चालवीत असत आणि वेगाचा पहिला सराव त्यांना तिथेच मिळाला. मोटार शर्यत हा तेव्हाही अतिशय खर्चिक खेळ होता. या खेळातील बहुतेक तरुणांमागे धनाढ्य कुटुंबे उभी असत; लोम्बार्डी यांच्यामागे तसे कोणी नव्हते.

१९६० च्या दशकात त्यांनी इटलीतील लहान गटांच्या शर्यतींपासून सुरुवात केली. १९७० मध्ये त्यांनी फॉर्म्युला ८५० गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर फॉर्म्युला थ्री आणि १९७४ मध्ये ब्रिटनमधील फॉर्म्युला ५००० असा त्यांचा प्रवास झाला. फॉर्म्युला ५००० च्या गाड्या वजनदार व अतिशय शक्तिशाली असत. ठेंगण्या बांध्याच्या लोम्बार्डी यांनी त्या समर्थपणे हाताळल्या आणि फॉर्म्युला वनच्या संघांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

त्याच वर्षी ब्रँड्स हॅच येथील ब्रिटिश ग्रां प्रीसाठी त्यांना ब्रॅबहॅम गाडी मिळाली. गाडीचा क्रमांक २०८ होता. प्रायोजक असलेल्या रेडिओ लक्झेंबर्गच्या प्रक्षेपणाची ती तरंगलांबी होती. मात्र पात्रता फेरीतील वेळ कमी पडल्याने मुख्य शर्यतीत त्यांना प्रवेश मिळाला नाही.

बार्सिलोनातील तो दिवस

१९७५ मध्ये काउंट व्हित्तोरियो झानोन आणि लावाझ्झा या कॉफी कंपनीच्या पाठबळावर लोम्बार्डी यांना मार्च संघात स्थान मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे त्या मुख्य शर्यतीत उतरल्या. इटलीच्याच मारिया तेरेसा द फिलिपिस यांनी १९५८ मध्ये भाग घेतल्यानंतर प्रथमच एक महिला या स्पर्धेत धावत होती. इंधनपुरवठ्यातील बिघाडामुळे लोम्बार्डी यांना ती शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

२७ एप्रिल १९७५ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुईक उद्यानातील रस्त्यांवर स्पॅनिश ग्रां प्री झाली. मार्गालगतचे संरक्षक कठडे नीट बसविलेले नसल्याने चालकांनी सरावास नकार दिला होता. तत्कालीन विश्वविजेते एमर्सन फिटिपाल्डी यांनी शर्यतीतून माघारच घेतली. चालकांनी व्यक्त केलेली भीती दुर्दैवाने खरी ठरली. २६ व्या फेरीत रॉल्फ स्टॉमेलेन यांच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यावरून पलीकडे फेकली गेली आणि प्रेक्षकांचे प्राण गेले. ७५ फेऱ्यांची शर्यत २९ फेऱ्यांनंतर थांबविण्यात आली.

त्या वेळी २४ व्या स्थानावरून सुरुवात केलेल्या लोम्बार्डी सहाव्या क्रमांकावर होत्या. सहाव्या क्रमांकाला तेव्हा एक गुण मिळत असे. अंतर अपुरे राहिल्याने सर्वांना निम्मे गुण देण्यात आले आणि लोम्बार्डी यांच्या वाट्याला अर्धा गुण आला.

नोंदीचा अर्थ

टीकाकारांचा आक्षेप असा, की त्या दिवशी अनेक गाड्या अपघातांत बाद झाल्या. लोम्बार्डी आघाडीच्या गाडीहून दोन फेऱ्या मागे होत्या आणि त्यांचे यश परिस्थितीने दिलेले होते. या आक्षेपात तथ्य आहे. त्याच संघाचे व्हित्तोरियो ब्राम्बिल्ला त्या शर्यतीत पाचव्या स्थानावरून निघाले होते आणि वर्षभर पात्रता फेऱ्यांत लोम्बार्डी यांचे स्थान बहुधा तळाशीच राहिले.

परंतु हाच निकष इतरांना लावला जात नाही. ब्राम्बिल्ला यांनी त्याच वर्षी ऑस्ट्रियात मिळविलेला कारकिर्दीतील एकमेव विजयही पावसामुळे मध्येच थांबविलेल्या शर्यतीतील होता आणि त्यालाही निम्मेच गुण मिळाले. भारतीय वाचकांना जून २००५ मधील इंडियानापोलिसची शर्यत आठवत असेल. टायरच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरून बहुसंख्य संघांनी माघार घेतल्याने केवळ सहा गाड्या धावल्या. नारायण कार्तिकेयन चौथे आले आणि त्यांनी भारतासाठी पहिले गुण मिळविले. शर्यत पूर्ण करणे हेही कौशल्यच होय. त्या गुणांचा अभिमान आपण बाळगतो, तो म्हणूनच.

ऑगस्ट १९७५ मध्ये न्युर्बुर्गरिंग या सुमारे २३ किलोमीटर फेरीच्या अवघड मार्गावर लोम्बार्डी यांनी सातवा क्रमांक मिळविला. गुण पहिल्या सहा जणांनाच मिळत असल्याने गुणतक्त्यात या कामगिरीचा मागमूस नाही.

न ऐकलेली तक्रार

गाडी वळणावर नीट वागत नाही, अशी तक्रार लोम्बार्डी त्या हंगामात वारंवार करीत असत. संघाने ती मनावर घेतली नाही. शरीराने लहान असलेल्या महिलेला गाडी पेलत नसावी, असा समज करून घेतला गेला. १९७६ च्या ब्राझील ग्रां प्रीनंतर त्यांची जागा स्वीडनचे नामवंत चालक रोनी पीटरसन यांना देण्यात आली. पीटरसन यांनीही तशीच तक्रार केली, तेव्हा मात्र गाडीची कसून तपासणी झाली. मागील भागातील मॅग्नेशियमचा ओतीव आधार तडकलेला असल्याचे आढळले. मार्चचे रचनाकार रॉबिन हर्ड यांनी पुढे ही हकिकत सांगून लोम्बार्डी यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

मोटार शर्यतीत चालक आणि यंत्र यांचे मोजमाप वेगवेगळे करता येत नाही. सदोष गाडीतील वेळ ही चालकाच्या क्षमतेची साक्ष ठरत नाही. शिवाय गाडीतील दोष सांगणे हा चालकाच्या कौशल्याचाच भाग असतो. लोम्बार्डी यांनी दोष अचूक ओळखला होता. त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. निर्दोष गाडीत त्या किती पुढे गेल्या असत्या, याची कसोटी लागलीच नाही.

१९७६ मध्ये ब्रॅबहॅम गाडीतून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्या वर्षीच्या ब्रिटिश ग्रां प्रीत त्यांच्यासह डिव्हिना गॅलिका याही सहभागी होत्या, पण दोघींनाही पात्रता गाठता आली नाही. ऑस्ट्रियातील १२ वे स्थान ही लोम्बार्डी यांची अखेरची फॉर्म्युला वन शर्यत ठरली. एकूण १२ शर्यतींत त्या धावल्या.

दीर्घ पल्ल्याचे यश

त्यानंतर लोम्बार्डी दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींकडे वळल्या. या प्रकारात एकच गाडी दोन किंवा अधिक चालक आळीपाळीने चालवितात. १९७९ मध्ये पर्गुसा आणि व्हालेलुंगा येथील सहा तासांच्या शर्यती त्यांनी सहचालकांसमवेत जिंकल्या. १९८१ मध्ये जॉर्जो फ्रांचिया यांच्या साथीने मुजेल्लोची सहा तासांची शर्यतही त्यांनी जिंकली. सहचालक आणि बहुसंख्य प्रतिस्पर्धी पुरुष असलेल्या या शर्यतींत महिलांसाठी कोणतीही वेगळी सवलत नव्हती.

३ मार्च १९९२ रोजी कर्करोगाने लोम्बार्डी यांचे निधन झाले. त्यांच्या वयाला ५१ वर्षे पूर्ण होण्यास तीन आठवडे उरले होते. त्याआधी दोनच दिवस झालेल्या दक्षिण आफ्रिका ग्रां प्रीत इटलीच्या जोव्हान्ना अमाती पात्रता गाठण्यात अपयशी ठरल्या होत्या. त्यानंतर एकाही महिलेने अजिंक्यपद शर्यतीत भाग घेतलेला नाही. महिलांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेली डब्ल्यू सिरीज २०२२ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडली. २०२३ पासून एफ वन अकादमी ही स्पर्धा भरविली जात आहे. या प्रयत्नांतून पुढे येणाऱ्या चालकांना वेगवान आणि निर्दोष गाडी मिळते का, आणि त्यांचे म्हणणे ऐकले जाते का, यावरच गुणवत्तेच्या प्रश्नाचे खरे उत्तर अवलंबून आहे. लेला लोम्बार्डी यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी पुरेशा आल्या नाहीत. तरीही गुणतक्त्यातील त्यांचा अर्धा गुण आजही अबाधित आहे.