वॉर्सा न सोडणारा पाहुणा

ख्रिस्तराजाचा सण सुरू करणारे पोप अकरावे पायस आपल्याला नावाने माहीत आहेत. पण पोप होण्याआधी एका परक्या राजधानीत त्यांनी काढलेली तीन वर्षे फारशी कोणाला ठाऊक नसतात.

त्यांचे मूळ नाव अकिल्ले रात्ती. जन्म १८५७ साली, इटलीत मिलानजवळच्या देझिओ गावी. १८७९ साली ते धर्मगुरू झाले. आयुष्याची बरीच वर्षे मिलानच्या आणि मग व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जुनी हस्तलिखिते तपासण्यात गेली. छंद म्हणाल तर डोंगर चढण्याचा. १८८९ साली मोंते रोझा चढताना त्यांनी शिखराजवळच्या अरुंद कपारीत अख्खी रात्र काढली होती.

१९१८ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या ग्रंथपालांना पोलंडला धाडले. वय साठच्या पुढे, राजकारणाचा अनुभव शून्य! ते वॉर्साला पोहोचले तेव्हा शहर जर्मनांच्या ताब्यात होते. नोव्हेंबरमध्ये जर्मन सत्ता कोसळली आणि सव्वाशे वर्षांनी पोलंड स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी रात्ती पोपचे राजदूत झाले आणि वॉर्सातच त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली.

मग आला १९२० सालचा ऑगस्ट. रशियाची लाल सेना वॉर्साच्या वेशीवर येऊन ठेपली. बहुतेक परदेशी वकिलाती सामान बांधून पोझ्नानला निघून गेल्या. राजदूत गेला तर त्याला कोणी नावे ठेवत नाही, तशी रीतच असते. रात्तींनाही जाता आले असते. पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परदेशी प्रतिनिधी मागे राहिले, त्यांत ते होते. १४ ऑगस्टला शहराबाहेर ओसुफ येथे सैनिकांसोबत गेलेले तरुण धर्मगुरू इग्नात्सी स्कोरुप्का मारले गेले. दुसऱ्या दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण होता. त्याच दिवसांत लढाईचे पारडे फिरले, पिलसुद्स्कींच्या फौजेने उलट हल्ला चढवला आणि लाल सेना मागे हटली.

एवढे होऊनही त्यांचा निरोप काही गोड झाला नाही. वरच्या सायलेशियाने जर्मनीत राहायचे की पोलंडमध्ये जायचे, यावर मार्च १९२१ मध्ये सार्वमत झाले. चर्चच्या वतीने तिथले काम रात्तींकडे होते. धर्मगुरूंनी प्रचारात उतरू नये असा आदेश ब्रेसलाउच्या जर्मन कार्डिनलांनी काढला, आणि त्याचा राग पोलिश लोकांनी रात्तींवर काढला. त्यांना परत बोलवा, अशी मागणी झाली. जर्मनही खूश नव्हतेच. त्याच वर्षी ते मिलानचे आर्चबिशप आणि कार्डिनल झाले आणि ६ फेब्रुवारी १९२२ रोजी पोप म्हणून निवडून आले.

पोलंडबद्दल त्यांनी मनात अढी ठेवली नाही. कास्तेल गांदोल्फो येथील आपल्या खासगी प्रार्थनालयात त्यांनी चेन्स्तोहोव्हाच्या मरियामातेचे चित्र लावले आणि एका भिंतीवर वॉर्साची लढाई व फादर स्कोरुप्का रंगवून घेतले. १९३९ साली ते देवाघरी गेले.

लाल सेना वॉर्सापाशी आली तेव्हा त्याच देशात, वादोवित्से गावी, एक बाळ अवघ्या तीन महिन्यांचे होते. १९७८ साली ते पोप झाले, दुसरे जॉन पॉल. उन्हाळ्यात ते कास्तेल गांदोल्फोला जात, तेव्हा प्रार्थनेला याच चित्रांसमोर बसत.